बॉयलरच्या खोलीतली प्रथिनं

मी मांस सोडलं, अंडी सोडली, दूध-लोणी सोडलं, पण गाव काही मला सोडायला तयार होईना. का सोडलं ते विचारू नका. खेळताना कुरणात गेलेला गोळा आणायला मी तारेखालून वाकून आत शिरलो होतो, समोर एक गाय उभी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं आणि विषय संपला. याहून जास्त मी इन्सालाही सांगितलेलं नाही, आणि इन्सा माझी बायको आहे.

तोपर्यंत आमच्या पूर्व फ्रीसलंडमध्ये, म्हणजे जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, कुणी कुणाला ‘काय खातोस’ असं विचारल्याचं मला आठवत नाही. आमचा पोस्टमन टामं दुपारी लोण्याचा केक खातो आणि रात्री त्याच केकचा उरलेला तुकडा. त्याच्या प्रथिनांची चौकशी उभ्या आयुष्यात कुणी केलेली नाही. पण मी व्हीगन झाल्याची बातमी सकाळी बेकरीतून बाहेर पडली आणि संध्याकाळपर्यंत सगळं गाव आहारतज्ज्ञ झालं. “मग प्रोटीन कुठून मिळतं रे तुला?” हा प्रश्न मला पेट्रोल पंपावर विचारला गेला. दफनभूमीत विचारला गेला, तोही पाद्रीबुवांची प्रार्थना चालू असताना, मागच्या रांगेतून, कुजबुजत. दातांच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात दोन्ही हात घालून विचारला आणि उत्तराची वाट बघत थांबले.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण प्रश्न गोळ्याचा होता.

आमच्याकडे हिवाळ्यात गावागावांत गोळ्याचे सामने होतात. सरळ सडकेवरून गोळा घरंगळत फेकायचा, तो थांबेल तिथून पुढच्यानं फेकायचा, आणि जे गाव कमी फेकींत ठरलेल्या खानावळीपाशी पोचेल ते जिंकलं. सडकेच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे चर असतात आणि गोळे त्यांत जातात. माझे वडील आमच्या गावच्या पहिल्या संघात फेकायचे. मला मिसरूड फुटल्यापासून मी पहिल्या संघात फेकतो आहे. जमीन-नोंदणी कचेरीतल्या कारकुनाला आयुष्यात अभिमानाच्या जागा फारशा नसतात. माझी एकच होती.

संघाचा कप्तान हिन्रिक. तो आमच्याच इमारतीत, नेमका आमच्या डोक्यावर राहतो. त्याच्या समोर त्याचा भाऊ विआर्ड, तोही पहिल्या संघातला. नाताळच्या आधीच्या सरावाला माझा गोळा चरात गेला, तेव्हा हिन्रिक बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला.

“ओक्क्या, गोळा चरात गेला.”

“गेल्या वर्षीही गेला होता,” मी म्हणालो.

“गेल्या वर्षी तू सॉसेज खाऊन फेकला होतास. तेव्हा तो वाऱ्यानं गेला. आज तो प्रोटीन कमी पडल्यामुळं गेला.”

“अरे, तुझा स्वतःचा आत्ताच गेला की!”

“माझा जोर जास्त झाला म्हणून गेला,” हिन्रिक म्हणाला. “हे बघ, जानेवारीच्या शेवटी कोबीची फेरी आहे. शेजारच्या गावाशी सामना आहे. तोवर तुझ्या दंडात जीव दिसला तर तू फेकशील. नाही तर गाडा ओढशील.”

कोबीच्या फेरीत सगळं गाव गोळे फेकत खानावळीपर्यंत चालतं आणि तिथे कोबी खातं; दारूच्या बाटल्यांचा हातगाडा बरोबर असतो, आणि तो ज्याच्या हातून दुसरं काही होण्यासारखं नसतं त्याच्याकडे देतात. गेल्या वर्षी बव्हेरियाहून आलेल्या कुणाच्या तरी जावयानं ओढला होता. बिचाऱ्याला तो मान वाटला. त्या गाड्याचा दांडा धरून सगळ्या गावासमोरून चालायचं! तुम्ही हसाल, पण मला खरंच फार वाईट वाटत होतं.

तळमजल्यावरच्या वुबेनाकाकूंनी मला चहाला बोलावलं. काकूंचं वय सत्तरीच्या पुढं, आवाज बंदरावरच्या भोंग्याला लाजवणारा. आमच्याकडे चहाला बसलं की तीन कप घेतल्याशिवाय उठता येत नाही, आणि चहात साय सोडायची ती ढवळायची नसते. ती तळाशी जाऊन ढगासारखी वर येते, तो ढग सगळ्यांनी गप्प बसून बघायचा असतो. मी खिशातून ओटच्या दुधाची बाटली काढली आणि कपात सोडली. ते दूध खाली गेलं ते वर आलंच नाही. आम्ही वाट बघितली. काकूंनी चष्मा लावून बघितलं.

“बुडालं,” त्या शेवटी म्हणाल्या. “ओक्को, ज्या दुधाला वर यायची ताकद नाही ते तुला काय ताकद देणार?”

मग त्यांनी मला कोळंबी खायला सुचवली.

“काकू, कोळंबी प्राणी आहे.”

“छे! कुरणातला तो प्राणी. समुद्रातलं ते सगळं भाजीतच जमा. हवं तर डोळे काढून देते.”

औषधाच्या दुकानातल्या बाईंनी वाटाण्याच्या प्रथिनांची पावडर दिली. ती मिक्सरमध्ये घातली, झाकण लावायचं राहिलं, आणि त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराच्या छताला वाटाण्याचा फिकट हिरवा रंग आहे. पुसायला गेलं की तो जास्त पक्का होतो. जी पावडर छताला इतकी घट्ट धरून बसते ती माणसाच्या स्नायूंनाही तशीच धरून बसेल, असा मला तरी विश्वास वाटला होता, पण चव घेतल्यावर मी तो नाद सोडला.

आणि मग मला टेंपेचा शोध लागला. सोयाबीन भिजवायचं, शिजवायचं, त्यात एक विरजण घालायचं आणि दीड दिवस उबेत ठेवायचं. त्यावर पांढरी शुभ्र बुरशी धरते, दाणे एकमेकांना चिकटतात आणि तळून खाता येईल अशी घट्ट वडी तयार होते. त्याबद्दल वाचता वाचता मला तिच्यात आणि सॉसेजमध्ये फक्त डुकराचाच काय तो फरक आहे असं दिसायला लागलं. मी सोयाबीनचं एक पोतं मागवलं. सगळं पोतं एकदम भिजवायची गरज नव्हती हे मला आज कळतं. पण माणूस कामाला लागला की त्याला उत्साह येतो, आणि घरात सर्वांत मोठं भांडं म्हणजे आंघोळीचा टब होता. सोयाबीन भिजल्यावर किती फुगतं हे सांगायची जबाबदारी खरं तर विकणाऱ्याची असते.

इन्सा आंघोळीला गेली आणि आंघोळ न करता परत आली.

“ओक्को, टबात काय आहे?”

“प्रथिनं.”

“ती टबाबाहेर आली आहेत.”

“फुगतात जरा,” मी म्हणालो. “पुढं त्यांच्यावर बुरशी आणायची आहे.”

इन्सा भांडत नाही. तिनं शांतपणे बॅग भरली. “मी ताईकडे जाते. टब मोकळा झाला की फोन कर. आणि बुरशी माझ्या घरात नको.”

ऊब हवी, घर नको, म्हणजे बॉयलरची खोलीच उरली. आमच्या इमारतीच्या तळघरात सर्वांचा मिळून एक बॉयलर आहे. तिथे खाण्याचा कुठलाही पदार्थ ठेवायला नियमानं बंदी आहे. पण टेंपे तयार होईपर्यंत तो खाण्याचा पदार्थ नसतोच, असा मी नियमाचा अर्थ लावला आणि रंगाच्या जुन्या डब्यांमागं डावीकडच्या फळीवर माझे ट्रे मांडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फडकं उचलून बघितलं तर काय सांगू! पांढरी, मऊ, लवदार अशी बुरशी धरली होती की मला गहिवरून आलं. मी त्यातला एक ट्रे वर नेला, वडी तळली, खाल्ली आणि दंडाला हात लावून बघितलं. दंड होता तसाच होता. पण या गोष्टींना वेळ लागतो. मी दुसरी खेप उजवीकडच्या फळीवर लावली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या लोकांना युद्धाची भीती वाटत नाही, महापुराची वाटत नाही, पण घरात बुरशी म्हटलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळतं. त्या आठवड्यात तळघर झाडायची पाळी वुबेनाकाकूंची होती. डब्यांमागं त्यांना पांढरी लव दिसली. त्या झाडू टाकून धावत वर गेल्या, हिन्रिकला घेऊन परत आल्या. तेवढ्यात मी डावीकडची उरलेली पहिली खेप उचलून घरी नेली होती.

“इथेच होती! डाव्या बाजूला!” काकू म्हणाल्या. मग त्यांनी उजवीकडे बघितलं. “अगं बाई! ही बघ! तिकडून इकडे आली!”

जिन्यात ही बातमी मला मिळाली ती अशी की तळघरात बुरशी लागली आहे आणि ती चालते.

माझं डोकं त्या वेळी कुठे होतं देव जाणे. माझ्या मनात एकच विचार आला: भिंतीची घाणेरडी बुरशी माझ्या टेंपेला लागली तर? एवढे कष्ट, इन्साचा विरह, आणि भलत्याच बुरशीनं सगळं नासायचं? मी तडक इमारतीची सभा बोलावली. सभेत मी असा काही बोललो की मलाच माझं नवल वाटलं. बुरशी येते ती दमटपणामुळं, दमटपणा येतो खिडक्या बंद ठेवल्यामुळं, आणि खिडक्या बंद ठेवतात ते आळशी लोक, असं म्हणून मी हिन्रिककडे बघितलं. त्याचा स्नानगृहात कपडे वाळत घालण्याचा प्रकार मी सगळ्यांसमोर काढला. इमारत सांभाळणाऱ्या कंपनीकडून उत्तर आलं की तज्ज्ञ येईपर्यंत सर्वांनी रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात, आणि देखरेखीला एक माणूस नेमावा. सभेनं एकमतानं मला नेमलं.

जानेवारीत उत्तर समुद्रावरून येणारं वारं म्हणजे काय चीज आहे ते ज्यानं खाल्लंय त्यालाच ठाऊक. मी मफलर गुंडाळून मजल्यामजल्यावर फिरायचो. “हिन्रिक, स्वयंपाकघराची खिडकी!” “अरे, मी सूप पितोय, त्याच्यावर बर्फ धरतोय!” “सूप नंतर पी. बुरशी थांबणार नाही.” त्याला आणि विआर्डला शिस्त लावल्यावर मी तळघरात जाऊन माझ्या टेंपेची राखण करत बसायचो. तिथे छान ऊब असायची. खरं तर रोज जास्तच ऊब असायची. सगळ्यांच्या खिडक्या उघड्या, म्हणून सगळ्यांचे हीटर पूर्ण वाढवलेले, म्हणून बॉयलर धडधडत चाललेला, म्हणून टेंपे दीड दिवसाऐवजी एका दिवसात तयार व्हायला लागला. त्यामुळं काकूंना बुरशी जास्त वेळा आणि जास्त ठिकाणी दिसायला लागली. त्यामुळं खिडक्या उघडायची वेळ वाढवण्यात आली. मी वाढवली. या साखळीत मी कुठे आहे याचा मला पत्ताच नव्हता.

तज्ज्ञ आले ते पांढरा झगा, तोंडाला मुखवटा, हातात मोजे, अशा थाटात. आम्ही सगळे तळघराच्या जिन्यात उभे होतो. हिन्रिकचं नाक लाल झालं होतं, विआर्डला उभं राहवत नव्हतं, म्हणून तो पायरीवर बसला होता. बराच वेळ आतून डबे सरकवल्याचे आवाज आले. मग साहेब हात लांब धरून बाहेर आले. हातात पारदर्शक पिशवी होती आणि पिशवीत माझा ट्रे होता.

“सापडली,” साहेब म्हणाले. “तीस वर्षांच्या नोकरीत इतकी सशक्त वाढ मी पाहिलेली नाही.”

माझ्या काळजात चर्र झालं. आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, ‘सशक्त’ हा शब्द ऐकून बरंही वाटलं.

“साहेब,” मी म्हणालो, “ते माझं जेवण आहे.”

विआर्ड तेवढा शिंकला.

“कुणाचं काय?” हिन्रिकनं विचारलं.

“माझं जेवण. टेंपे. यात फार प्रोटीन असतं.”

मी पिशवीकडे हात नेला तर साहेब मागं सरकले. “हात लावू नका. ही नोंदलेली बुरशी आहे. नोंदलेली बुरशी खाता येत नाही.”

“पण ती मुद्दाम आणलेली आहे!”

“बुरशी मुद्दाम कुणी आणत नाही,” साहेब म्हणाले. “भिंतीवर, छतावर, फर्निचरवर, एवढ्याच जागा अहवालात धरतात. जेवणावर अशी सोय नाही.” बऱ्याच विचारानंतर त्यांनी सोयाबीनची नोंद फर्निचर म्हणून केली आणि बुरशीचं मूळ कारण काढून टाकावं अशी शिफारस केली. मूळ कारण म्हणून माझं नाव घातलं.

ते गेल्यावर मी माझी वरची शिल्लक आणून काकूंच्या स्वयंपाकघरात कांद्याबरोबर तळली आणि सर्वांसमोर खाल्ली. माझ्या शब्दावर विश्वास बसावा म्हणून. काकूंनी एक तुकडा तोंडात टाकला, चावला, आणखी एक टाकला. “मीठ कमी आहे,” त्या म्हणाल्या. “पण बुरशीच्या मानानं बरी आहे.”

हिन्रिकनं तुकड्याला हात लावला नाही. तो थरथरत होता, थंडीनं की रागानं ते कळत नव्हतं. “म्हणजे इतके दिवस मी गारठून मरतोय ते तुझ्या जेवणाला वारा लागावा म्हणून?”

“तसं नाही रे, मला वाटलं—”

“गाडा!” हिन्रिक ओरडला आणि खोकला. “प्रोटीनचा विषय मिटला. आता दंडात काय असेल ते असू दे. रविवारी तू गाडा ओढणार!”

मी वर येऊन इन्साला फोन केला. टब मोकळा झाला होता, त्यामुळं ती आली. मी तिला सगळं सांगितलं आणि सांगता सांगता माझे डोळे भरून आले. वडिलांचा मुलगा शेवटी गाड्याला जुंपला गेला. इन्सा म्हणाली, “चांगला मनापासून ओढ,” आणि छताकडे बघत राहिली.

रविवारी सकाळी सगळं गाव चौकात जमलं. गळ्यात दोरीला अडकवलेले छोटे पेले, समोर शेजारच्या गावचे धिप्पाड गडी. आमच्याकडे पहिल्या संघातला टामं पोस्टमन तेवढा धड होता. विआर्डला ताप होता, तो अंथरुणातच राहिला. हिन्रिकलाही ताप होता, पण तो आला. दोन घोंगड्या पांघरून, लोकरी टोपी कानांवर ओढून, काठी टेकत आला.

“कप्तानाशिवाय संघ जायचा नाही,” तो म्हणाला आणि गाड्यात बाटल्यांच्या खोक्यांवर बसला. “चल, ओढ.”

“आणि फेकणार कोण?” टामंनं विचारलं.

वुबेनाकाकू पुढं झाल्या. तरुणपणी त्या बायकांच्या संघात होत्या. त्यांना सर्दीचा लवलेशही नव्हता. “मी कशाला खिडक्या उघडू?” त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. “मला कुणी शिकवायची गरज नाही.” इन्सा ताईकडे होती, म्हणून ती ठणठणीत; तीही फेकायला उभी राहिली. तरी चौघांच्या संघाला चौथा माणूस कमी पडत होता. हिन्रिकनं गावातल्या एकेका चेहऱ्यावर नजर फिरवली. सगळ्यांनी आपापल्या पेल्यांत बघितलं. मग त्यानं फार नाइलाजानं माझ्याकडे बघितलं.

“तू फेक. पण गाडाही ओढ.”

तर मी गाडा ओढत होतो, पाळी आली की दांडा खाली ठेवून गोळा फेकत होतो, परत दांडा उचलत होतो. गाड्यात दारू, दारूवर हिन्रिक, आणि हिन्रिकच्या तोंडात सल्ले. “खांदा खाली! अरे, खाली! बघितलंत? प्रोटीन नाही!” काकू मात्र अशा फेकत होत्या की शेजारच्या गावच्या गड्यांनी प्यायचं थांबवलं. शेवटच्या टप्प्याला, कालव्याच्या पुलावर, आम्ही बरोबरीत होतो. खानावळ पुलाच्या उतारानंतर सरळ समोर. उरलेली फेक माझी.

आमचा मुलूख सपाट आहे. सबंध तालुक्यात तो पूल हा एकमेव उतार. गाडा उभा करताना चाकाखाली दगड लावायचा असतो ही गोष्ट आम्हाला ठाऊक असण्याचं काही कारणच नाही. मी दांडा ठेवला, गोळा घेतला, धावलो आणि जीव ओतून फेकला. गोळा सुटला आणि नेहमीप्रमाणं चराकडे वळला. त्याच वेळी माझ्या शेजारून हिन्रिक गेला.

“ओक्क्या! गाडा! ओक्क्याऽऽ!”

गाडा उतारावरून गोळ्याच्या मागं लागला, त्यानं गोळ्याला गाठलं, चाक गोळ्यावर आपटलं. गोळा सडकेवर परत आला आणि सरळ घरंगळत खानावळीच्या पायरीला जाऊन टेकला. गाडा मात्र गोळ्याच्या जागी चरात गेला.

शेजारच्या गावाचा कप्तान दोन्ही हात वर करून ओरडला, “हे चालणार नाही! गोळा गाड्याला लागला!”

चरातून, शेवाळातून, घोंगडीखालून आवाज आला, “सडकेवरचं जे लागेल ते खेळात धरतात! गोळा चालू आहे! आपण जिंकलो!” आणि मग जरा खालच्या आवाजात, “आणि मला कुणी तरी काढा रे.”

मी उडी मारली. कमरेइतकं गार पाणी. विचार करायला वेळ नव्हता. मी गाड्याचा दांडा खांद्यावर घेतला आणि ओढला. गाडा, खोकी, बाटल्या, भिजलेल्या घोंगड्या आणि वर अख्खा हिन्रिक, सगळं एका दमात काठावर आणून ठेवलं. मला स्वतःलाच काही कळलं नाही. काठावर दोन्ही गावं उभी होती.

हिन्रिकनं तोंडातलं शेवाळ थुंकलं. माझ्या दंडाला हात लावला, दाबून बघितला, परत दाबला.

“ओक्क्या,” तो म्हणाला, “पहिल्या संघात तू कायमचा. मी असेपर्यंत तुला कुणी हलवणार नाही.”

इन्सानं माझा हात धरला.

“आणि गाडाही कायमचा तुझ्याकडे,” हिन्रिक म्हणाला.

“अरे, पण गाडा तर ज्याच्यात काही दम नाही त्याच्याकडे देतात ना?”

“ते आजपर्यंत. एवढं ओढायला प्रोटीन लागतं.” त्यानं गोळा झालेल्या सगळ्या गावावरून नजर फिरवली. “आता तूच सांग, इथे दुसऱ्या कुणात आहे?”

मी टामंकडे बघितलं, तो केक खात होता. मी मुकाट्यानं दांडा उचलला. हिन्रिक परत आत चढून बसला.